पाहणाराची साक्ष

आपल्या पांढरपेशा घरांतून रोगांनाही एक प्रकारची जातिव्यवस्था लागू आहे. मधुमेह व रक्तदाब हे उच्चवर्णीय. त्यांचे आंकडे पाहुण्यांपुढें चहाबरोबर मांडले जातात. अर्धशिशीलाही थोडाफार मान आहे. अर्धांगवायु झाला तर सारी आळी समाचाराला लोटते, आणि कंपवात हा म्हातारपणाचा धर्म म्हणून सोसला जातो. परंतु एक रोग असा आहे कीं, त्याचें नांव घरचीं माणसें एकमेकांतही घेत नाहींत. 'तिला तें होतें', 'त्याला मधूनमधून चक्कर येते', 'लहानपणीं होतें, आतां नाहीं', असल्या आडपडद्याच्या भाषेंत त्याची बोळवण होते. खेड्यांत त्यास फेफरें म्हणतात, कोठें मिरगी म्हणतात, शहरांत 'फीट' म्हणतात, आणि ग्रंथांत तो अपस्मार आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. गेलीं तीस वर्षें मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा आमचा धंदा. आणि ज्या विषयाची आपणांस पदवी नाहीं त्यावर लेखणी चालवूं नये, हा शहाणपणा आम्हांस सर्वथैव मान्य आहे. तरी पण या एका रोगाच्या बाबतींत निदानाचा निम्मा भाग, ज्यांना वैद्यकाची गंधवार्ताही नाहीं अशा माणसांच्या हातीं असतो, ही गोष्ट गेल्या तीन वर्षांत आम्हीं जवळून पाहिली. ती वाचकांस सांगावी एवढाच या लेखाचा हेतु.

अपस्मार हा शब्द चरकसंहितेइतका तरी जुना आहे. स्मृतीचा लोप तो अपस्मार. चरकानें निदानस्थानांत आणि चिकित्सास्थानांत त्यास स्वतंत्र अध्याय दिला असून, वातज, पित्तज, कफज व सांनिपातिक असे त्याचे चार प्रकार केले आहेत. नटराजाच्या मूर्तींत देवाच्या पायाखालीं जो बुटका पुरुष दडपलेला दिसतो त्याचें नांवही अपस्मारच. तिकडे ग्रीसमध्यें हिपॉक्रिटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांत 'पवित्र रोगा'वर एक प्रबंध आहे. इसवी सनापूर्वीं ४०० च्या सुमाराचा. हा रोग इतर रोगांहून तिळभरही अधिक पवित्र नाहीं, त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें त्यांत स्वच्छ सांगितलें आहे. या गोष्टीस चोवीसशें वर्षें लोटलीं, आणि आमच्या गांवाच्या वेशीवर अमावास्येच्या रात्रीं लिंबू व नारळ अद्याप पडतातच.

मेंदूंतील पेशींचें आपसांतील दळणवळण विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहांनीं चालतें. वर्गांत साठ मुलें आपापल्या शेजाऱ्याशीं हळूं बोलत असतात तोंवर शिक्षकाचा धडा कसाबसा पुढें सरकतो. परंतु तींच साठ मुलें एका क्षणीं, एका तालांत बांकें वाजवूं लागलीं तर धडा जागींच थांबतो. फेफऱ्यांत मेंदूंत घडतें तें साधारण असेंच. हा ताल मेंदूच्या एका कोपऱ्यांत उठला तर एकादा हात किंवा गालच उडतो. साऱ्या मेंदूंत एकदम उठला तर माणूस शुद्ध हरपून कोसळतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयांत ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) नांवाचे एक डॉक्टर होते. कांहीं रोग्यांचा झटका अंगठ्यांत सुरू होतो, मग मनगट, कोपर, खांदा असा चढत जातो, हें त्यांनीं बारकाईनें पाहिलें. आणि त्या क्रमावरूनच मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या निरनिराळ्या भागांचीं निरनिराळीं ठाणीं असलीं पाहिजेत, असें अनुमान बांधलें. १८७० मध्यें बर्लिनच्या फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूस विजेचा स्पर्श करून तें प्रयोगानें दाखविलें. जॅक्सनसाहेबांपाशीं त्या कामाला यंत्र असें कांहींच नव्हतें; दोन डोळे व चिकाटी एवढेंच भांडवल.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. अर्धांगवायूचा रोगी आपलें लुळें अंग बरोबर घेऊन येतो. कंपवाताचा रोगी दारांतून आंत येत असतांनाच, त्याचीं आंखूड पावलें व न हलणारा हात पाहून, जाणता डॉक्टर मनांत निदान करून मोकळा होतो. फेफऱ्याचा रोगी मात्र डॉक्टरापुढें येतो तो तुमच्याआमच्यासारखा धडधाकट. जें घडलें तें मिनिटा-दोन मिनिटांत घडून संपलेलें. आणि ज्याच्यावर घडलें त्यास त्यांतलें कांहींएक आठवत नाहीं. आरोपी फरार, फिर्यादी बेशुद्ध. सारा खटला साक्षीदारावर.

तसा साक्षीदार होण्याचा प्रसंग आम्हांवर तीन वर्षांपूर्वीं आला. आमचें कॉलेज एका तालुक्याच्या गांवीं आहे. परीक्षेचे दिवस, सकाळीं साडेसातचा सुमार. आम्ही पर्यवेक्षक म्हणून हातांतील घड्याळाकडे पहात व्हरांड्यांत उभे होतों. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षांतील एक विद्यार्थिनी खांबाशीं उभी राहून वहीचीं पानें चाळीत होती. पाठीमागून कोणी कोपराला धक्का द्यावा तशी वही तिच्या हातांतून उडाली. तिनें ती उचलली. ती पुन्हा उडाली. मग एक विचित्र आरोळी आली, आणि ती उभीच्या उभी खालीं आली. अंग लांकडासारखें ताठ, डोळे सताड उघडे, ओठ निळे; आणि मग हातपाय झाडणें.

त्यानंतर जें झालें तें महाराष्ट्रांत सर्वत्र होतें तेंच. शिपायानें पायांतील चप्पल काढली. कँटीनकडे कांद्यासाठीं मुलगा धांवला. एका सहाध्यापकांनीं, आणि ते शास्त्रशाखेचे, तिच्या मुठींत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, व दुसरे दातांत चमचा घालण्याच्या तयारीनें वांकले. तो चमचा मात्र आम्हीं हातानें दूर केला. त्यानें दांत मोडतात, श्वास अडतो, फायदा कांहीं नाहीं, एवढें वाचून ठाऊक होतें. झटके मंदावतांच तिला एका कुशीवर वळविलें, डोक्याखालीं कोणाची तरी ओढणी दिली, आणि घड्याळाकडे पाहिलें. सारें दीड मिनिटांत आटोपलें होतें. कांदा येऊन पोंचला तो अगदीं शेवटच्या घटकेस. तथापि झटका कांद्यानेंच थांबला अशी त्या दिवशीं सर्वांची खात्री झाली. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांच्या आंत आपोआप थांबतात, आणि चप्पल शोधायला तेवढाच वेळ लागतो. चपलेची कीर्ति टिकून राहिली आहे ती या हिशेबावर. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं, किंवा शुद्धि येण्यापूर्वींच दुसरा आला, तर मात्र रोग्यास तडक रुग्णालयांत नेलें पाहिजे.

संध्याकाळीं मुलीची आई एस. टी. नें आली. तिचें पहिलें वाक्य आभाराचें होतें व दुसरें हें: "सर, एवढं कोणाला सांगूं नका. हिचं अजून लग्न व्हायचं आहे." असें पूर्वीं झालें होतें काय, या आमच्या प्रश्नास बराच वेळ उत्तर आलें नाहीं. शेवटीं कळलें कीं, सोळाव्या वर्षीं एकदां झालें होतें. जिल्ह्याच्या ठिकाणीं डॉक्टरांना दाखविलें, मेंदूचें एम. आर. आय. चित्र काढलें, त्यांत कांहींच निघालें नाहीं म्हणून घरीं पेढे वांटले, आणि डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या मसाल्याच्या डब्यामागें ठेवून चालू राहिल्या. मुलीला त्या 'रक्त वाढण्याच्या' म्हणून दिल्या जात.

पुण्यास मज्जातंतुविकारांच्या तज्ज्ञ अशा एका डॉक्टरीणबाईंकडे जावयाचें ठरलें. त्यांनीं फोनवरच सांगितलें होतें कीं, ज्यांनीं झटका पाहिला त्यांना बरोबर आणा. म्हणून आम्हीही गेलों. बाईंचें वय पस्तिशीचें असावें. त्यांनीं आमची जी उलटतपासणी घेतली तशी आमच्या प्रबंधाच्या वेळीं परीक्षकांनींही घेतली नव्हती. डोळे उघडे होते कीं मिटलेले? चेहरा पांढरा पडला कीं निळा? मान आधीं एका बाजूस वळली काय? दोन्ही हात सारखेच उडत होते? जीभ कोठें चावली, टोंकाला कीं कडेला? शुद्धीवर आल्यावर ओळखीनें बोलायला किती वेळ लागला?

हे प्रश्न रिकामे नाहींत, हें त्यांनींच पुढें समजावून दिलें. नुसती मूर्च्छा असेल तर माणूस पांढराफटक पडतो, हळुहळू खालीं बसतो, एकदोन आचकेही देतो, पण क्षणांत भानावर येतो. तेथें दोष रक्ताभिसरणाचा, क्वचित् हृदयाच्या ठोक्यांचा. मनाच्या क्लेशांतून येणाऱ्या झटक्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, आणि झटका बराच लांबतो. फेफऱ्यांत डोळे उघडे, जीभ कडेला चावलेली, आणि नंतर घोरत झोंप व गोंधळ. साखर एकदम उतरली तरी माणूस पडतो. या चौघांचे उपचार चार, आणि वेगळे ओळखण्याचें मुख्य साधन पाहणाराची साक्ष. हल्लीं त्या नातेवाईकांना झटक्याचें मोबाइलवर चित्रण करायला सांगतात, आणि त्या चित्रणाचा निदानास फार उपयोग होतो. परंतु कित्येक घरचीं माणसें तें करीत नाहींत. उद्यां चित्रण कोणाच्या हातीं लागेल ही धास्ती.

आम्हीं वही उडाल्याचें सांगितलें तेव्हां बाईंची लेखणी थांबली. त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "सकाळीं उठल्यावर हातांतून वस्तु पडतात का ग? चहाचा कप, दांत घासायचा ब्रश?"

मुलीनें आईकडे पाहिलें. आईच बोलली: "अहो, ती पहिल्यापासून धांदरट आहे. दोन वर्षांत सहा कप फोडले हिनं. रोज ओरडतें मी."

"आणि गोळ्या सुरू केल्यावर कप जास्त फुटूं लागले?"

आईचा चेहरा उतरला. तसेंच झालें होतें.

या रोगाचा हा प्रकार जर्मन वैद्य डीटर यान्झ यांनीं १९५७ मध्यें नीट वर्णन करून वेगळा काढला. बहुधा बारा ते अठरा या वयांत तो सुरू होतो; सकाळीं उठल्यावर तासा-दोन तासांत खांदे व हात क्षणभर उडतात, शुद्धि कायम असते, म्हणून त्यास कोणी रोग मानीत नाहीं. जागरण झालें कीं उडणें वाढतें, आणि एके दिवशीं मोठा झटका येतो. परीक्षेची आदली रात्र मुलीनें पुस्तकांतच काढली होती. या प्रकारांत मेंदूच्या घडणींत डोळ्यांना दिसेल असा दोष नसतो, म्हणून एम. आर. आय. चित्र निर्दोषच निघतें. पेढे वांटण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. आणि कार्बामॅझेपिन हें जें औषध तिला चालू होतें, तें मेंदूच्या एका भागांतून उठणाऱ्या झटक्यांवर उत्तम असून या प्रकारांत मात्र हात उडणें वाढवूं शकतें. त्या पहिल्या डॉक्टरांस आमचा दोष नाहीं. त्यांस एकच झटका सांगितला गेला. फुटलेल्या कपांची हकीकत घरांतच राहिली.

मेंदूच्या विद्युल्लेखानें, म्हणजे ई. ई. जी. नें, या तर्कास दुजोरा मिळाला. येना येथील हान्स बर्गर यांनीं माणसाच्या मेंदूंतील विजेच्या लाटा १९२४ मध्यें प्रथम टिपल्या व १९२९ मध्यें त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हांपासून हें साधन चालत आलें आहे. परंतु त्याचीही एक खोड आहे. झटका आलेला नसतांना काढलेला लेख खऱ्या रोग्याचाही पुष्कळदां स्वच्छ येतो. म्हणून 'लेख चांगला आला, रोग नाहीं' हा हिशेब चुकीचा.

उलट, कांहीं रोग्यांचें निदान चित्राशिवाय होतच नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत कित्येकांच्या चित्रांत मेंदूंत एकच बारीकसा ठिपका दिसे, आणि तो क्षयाचा समजून वर्षभर क्षयाचीं औषधें दिलीं जात. १९८० नंतरच्या दशकांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील शल्यवैद्यांनीं असे ठिपके तपासले, तेव्हां त्यांतील पुष्कळ पट्टकृमीच्या अळीचे निघाले. 'आम्ही तर मांसाला शिवतही नाहीं' असें यावर कित्येक शाकाहारी घरांतून ऐकूं येतें. परंतु मेंदूंत जाणारी अळी मांसांतून येत नाहीं; ती येते कृमीच्या अंड्यांतून, आणि तीं अंडीं माणसाच्या विष्ठेनें दूषित झालेल्या पाण्यांतून व न धुतलेल्या कोथिंबिरींतून सोंवळ्या ताटांतही पोंचतात.

औषधांचा इतिहास योगायोगानें भरलेला आहे. १८५७ मध्यें लंडनच्या लोकॉक यांनीं ब्रोमाइडचा गुण सांगितला, तोही एका चुकीच्या समजुतीच्या पोटीं. १९१२ मध्यें फ्रायबुर्गच्या हाउप्टमान या तरुण डॉक्टरानें रोग्यांना शांत झोंप लागावी म्हणून फिनोबार्बिटल दिलें, आणि त्यांचे दिवसाचे झटकेही कमी झालेले त्याच्या ध्यानीं आलें. फेनिटोइन मात्र १९३८ मध्यें बॉस्टनच्या मेरिट व पटनम यांनीं मांजरांवर प्रयोग करून मुद्दाम शोधून काढलें. व्हॅल्प्रोएट तर ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेंत दुसरीं द्रव्यें विरघळविण्यासाठीं वापरीत असतां, १९६२ मध्यें, त्याचाच गुण येतो आहे असें आढळलें. आज जगांत या रोगाचे सुमारें ५ कोट लोक आहेत. योग्य औषध नियमानें घेतलें तर त्यांतील शंभरांपैकीं सत्तरांचे झटके बंद राहूं शकतात असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि गरीब देशांत चारांपैकीं तिघांना तें औषध मिळतच नाहीं असेंही तीच सांगते. हाउप्टमानचें फिनोबार्बिटल आजही इतकें स्वस्त आहे कीं, वर्षाच्या औषधाला एका लग्नाच्या अक्षतांइतकाही खर्च येऊं नये. ज्यांचे झटके दोन-तीन औषधांनींही थांबत नाहींत अशांपैकीं कांहींना शस्त्रक्रियेनें गुण येतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत हें काम १९९५ पासून पद्धतशीर चालू आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या रोगावर खरें रामबाण म्हणजे व्हॅल्प्रोएट. परंतु बाईंनीं तें दिलें नाहीं. गरोदरपणीं तें घेतलें तर गर्भास व्यंग येण्याचा व मुलाच्या बुद्धीस अपाय होण्याचा धोका मोठा; म्हणून वयांत आलेल्या मुलीला शक्य तों तें देऊं नये असा आतांचा दंडक आहे. लेव्हेटिरॅसिटाम सुरू झालें. पहिले दोन महिने मुलगी इतकी चिडचिडी झाली कीं, घरीं औषध बंद करण्याचा विचार चालला. पण गोळ्या एकदम बंद केल्या तर झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतूं शकतें, अशी ताकीद बाईंनीं आधींच देऊन ठेवली होती. मात्रा थोडी बदलली, आणि तें निभावलें. दुसरें पथ्य झोंपेचें: रात्रीं अकराच्या पुढें पुस्तक नाहीं, परीक्षा असली तरी नाहीं. या प्रकारांत औषध बहुधा अनेक वर्षें, पुष्कळदां जन्मभर घ्यावें लागतें, हेंही बाईंनीं मुलीसमोरच सांगितलें. आणि आपण कशाची गोळी घेतों हें त्या मुलीला त्या दिवशीं प्रथमच कळलें. ती रडली नाहीं. "म्हणजे मी धांदरट नाहीं," एवढेंच ती म्हणाली.

राहिला लग्नाचा प्रश्न. आपल्या कायद्यानेंही या रोग्यांना कांहीं काळ वाईट वागविलें. १९७६ मध्यें हिंदु विवाह कायद्याच्या अटींत वेडाच्या झटक्यांशेजारीं अपस्माराच्या झटक्यांचें नांव घालण्यांत आलें. तें १९९९ च्या दुरुस्तीनें काढून टाकलें. तेवीस वर्षें मेंदूच्या एका साध्या विकारास कायद्याच्या पुस्तकांत वेडाचा शेजार होता. कायदा सुधारला, पण वधूवरसूचक मंडळांच्या नोंदवह्यांत ही सुधारणा पोंचल्याचें दिसत नाहीं. आईबापांपैकीं एकास हा रोग असला तर मुलास होण्याचा संभव इतरांहून थोडा अधिक असतो. तथापि त्यांचीं बहुतेक मुलें निरोगीच निपजतात. नियमानें औषध घेणाऱ्या स्त्रियांचे संसार व बाळंतपणें सुरळीत होतात. हें सारें आईस सांगून झालें. तिचें उत्तर असें कीं, हें तुम्ही मला पटवितां, पण वराच्या आईला कोण पटविणार?

यावर आमच्या घरीं मतभेद झाला. रोग काबूंत आहे, सांगण्याची इतकी घाई काय, असें म्हणणारे शेजारी पुष्कळ निघाले. आमच्या सौभाग्यवतींचें मत उलट पडलें, आणि तें केवळ नीतीचें नव्हतें. लपविलेल्या घरांत सून गोळी कोठें ठेवणार, असा त्यांचा प्रश्न होता. चोरून घ्यावयाची गोळी आठवड्यांत दोनदां तरी चुकतेच. पाहुणे असले, प्रवास असला, सणाचें जागरण असलें कीं चुकते. आणि दिवस गेल्यावर डॉक्टरांना सांगायचें काय? आम्हांस हें बोलणें निरुत्तर करणारें वाटलें. मुलगीही त्याच बाजूची होती.

ती बी. ए. झाली, आणि सध्यां गांवांतल्याच शाळेंत शिकविते. दोन वर्षांत झटका नाहीं. कप एक फुटला, तो मांजरानें. पहिलें स्थळ आलें तेव्हां आईनें मन घट्ट करून पहिल्याच बैठकींत सांगितलें, आणि ती मंडळी चहा न घेतां उठलीं. दुसऱ्या स्थळाचा मुलगा औषधांच्या दुकानांत काम करणारा आहे. त्यानें गोळीचें नांव विचारून घेतलें, मात्रा विचारली, आणि घरीं विचारून कळवितों असें सांगून गेला. त्यास तीन आठवडे झाले. निरोप अजून आलेला नाहीं.